चार किल्ल्या : दोन भाड्याच्या घरांच्या परवानग्यांच्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

मनोरुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडून आमच्या संस्थेकडे यादी आली. चौदा बायका. चौदाजणींच्या नावापुढे डॉक्टरांनी 'घरी पाठवण्यास हरकत नाही' असं लिहिलंय. घर मात्र एकीलाही नाही. काहींच्या नातेवाइकांचे पत्ते चुकीचे आहेत, काहींचे बरोबर आहेत पण तिथलं दार उघडत नाही. सर्वांत जुनी भरती एकोणीस वर्षांपूर्वीची.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला. त्याचं १९वं कलम सांगतं की कुटुंब नाही, कुटुंब घरात घेत नाही, डोक्यावर छप्पर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणालाही आस्थापनेत, म्हणजे मनोरुग्णालयासारख्या जागेत, ठेवून घेता येणार नाही. सहा वर्षं झाली. या चौदाजणी अजून वॉर्डातच आहेत.

बैठकीत ठरलं ते असं. दोन घरं भाड्याने घ्यायची. एक साधा दोन बेडरूमचा फ्लॅट, ज्या स्वतःचं स्वतः पाहतात अशा चौघींसाठी. दुसरा बंगला, दहाजणींसाठी, तिथे चोवीस तास सोबतीला कुणीतरी. संस्थेची स्वतःची इमारत हवी असं अध्यक्षकाकांना वाटतं. मला वाटत नाही. संस्थेच्या इमारतीत माणूस ठेवलेला असतो, भाड्याच्या घरात तो राहत असतो. हे मी बैठकीत बोलले आणि इथेही लिहून ठेवते. चेन्नईच्या द बनियन संस्थेने 'होम अगेन'मध्ये हेच केलंय: चारचौघांच्या वस्तीत साधं घर, त्यात चार-पाच माणसं.

१४ जून

परवानग्यांचं काम माझ्याकडे. दिवसभर फोन केले. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच: "त्या पेशंट आहेत का?" हो म्हटलं की कागदांची एक यादी, नाही म्हटलं की दुसरी. 'होत्या, आता भाडेकरू आहेत' हे उत्तर लिहायला कुठल्याच फॉर्मवर रकाना नाही.

२१ जून

वकीलताईंकडे दोन तास. इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोकं थाऱ्यावर आलं.

त्यांनी कायद्यातली 'मानसिक आरोग्य आस्थापना' ही व्याख्याच पुढे ठेवली. मनोविकार असलेल्या व्यक्तींना काळजी, उपचार, विश्रांती किंवा पुनर्वसनासाठी जिथे दाखल केलं जातं किंवा ठेवलं जातं, ती प्रत्येक जागा त्यात येते. रुग्णालयच असायला हवं असं नाही. अशा जागेला कलम ६५ प्रमाणे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. नोंदणीशिवाय चालवली तर पहिल्या वेळी पाच हजार ते पन्नास हजार दंड, पुढे वाढत पाच लाखांपर्यंत.

व्याख्येच्या शेवटी मात्र एक अपवाद आहे. जिथे ती व्यक्ती आपल्या नातेवाइकांबरोबर किंवा मित्रांबरोबर राहते, ते राहतं घर आस्थापना ठरत नाही. मी तो शब्द तीनदा वाचला. मित्र.

या चौघी गेली नऊ वर्षं एकाच वॉर्डात आहेत. एकीला ताप आला की दुसरी तिच्या वाटची भाजी बाजूला काढून ठेवते. यांना मैत्रिणी म्हणायचं नाही तर कुणाला?

वकीलताईंनी तिथेच सावध केलं. "शब्द आपल्या बाजूचा आहे, पण घर खरंच त्यांचं असायला हवं. करार संस्थेच्या नावावर, किल्ली संस्थेच्या खिशात, आणि म्हणायचं मैत्रिणी राहतात, तर ते टिकणार नाही. टिकूही नये."

म्हणून निर्णय: फ्लॅटचा भाडेकरार चौघींच्या नावावर, संस्था त्यात पक्षकार नाही. अनामत रक्कम आम्ही चौघींना बिनव्याजी उसनी देणार, हप्त्याने फेडायची. आमची कार्यकर्ती आठवड्यातून दोनदा जाणार आणि बेल वाजवून आत जाणार. बंगला मात्र सरळ आस्थापना म्हणून नोंदवायचा. तिथे आपण माणसं नेमणार, औषधांवर लक्ष ठेवणार. तिथे पळवाट शोधायची नाही.

४ जुलै

फ्लॅट शोधणं चालू. सहा पाहिले. एजंटला सगळं आधी सांगायचं असं मी ठरवलंय, त्यामुळे चार मालकांनी दारातूनच नकार दिला. पाचवा तयार होता, त्याच्या वहिनी नव्हत्या.

सहावे मालककाका निवृत्त शिक्षक आहेत. त्यांची चिंता अगदी वेगळीच निघाली. स्वतः राहत असल्याची महापालिकेच्या मिळकतकरातली चाळीस टक्के सवलत त्यांना मिळते, ती भाडेकरू आल्यावर जाणार. एवढंच? मी हिशेब मांडला, फरकाची रक्कम भाड्यात धरू म्हटलं. भाडं १८,००० ठरलं, अनामत ६०,०००. चौघींत वाटलं तर माणशी साडेचार हजार. दोघी पोळीभाजी केंद्रावर जाणार आहेत, एकीला घरबसल्या शिवणाचं काम मिळतंय. आक्कांना (वय ६१, चौघींत थोरल्या) संजय गांधी निराधार योजनेचे दीड हजार मिळतात, वरचे तीन हजार पहिलं वर्षभर संस्था देईल.

१६ जुलै

हिशेबनीस आनंदाची बातमी घेऊन आले. कालपासून, म्हणजे १५ जुलैपासून, दरमहा माणशी वीस हजारांपर्यंतच्या निवासाला जीएसटी नाही, मुक्काम सलग किमान नव्वद दिवसांचा असला की झालं. बंगल्यातली आकारणी त्याच्या निम्म्याहूनही कमी असेल. हा रकाना बंद.

२६ जुलै

पाऊस. काल खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याच्या बाजूला घरांत पाणी शिरलं. पाहून ठेवलेला एक बंगला त्याच बाजूला होता. त्यावर काट मारली. दहाजणींना रात्री बाहेर काढायची वेळ आली तर, हा प्रश्न यापुढे प्रत्येक जागेला विचारायचा.

११ ऑगस्ट, रविवार

फ्लॅटच्या सोसायटीची सभा. मालककाकांनी मला बरोबर नेलं.

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सदस्याला घर भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवायचं असतं. बिनभोगवटा शुल्कही (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर लावता येत नाही, २००१ पासूनचा तो शासन निर्णय आहे. हे सगळं मी कागदावर घेऊन गेले होते. तो कागद पिशवीतून बाहेर काढला नाही, आणि ते बरं झालं.

पहिल्या मजल्यावरच्या एक बाई उठून म्हणाल्या, "आमच्याकडे लहान मुलं आहेत हो." त्यांच्या आवाजात द्वेष नव्हता, भीती होती. मी त्यांना विचारलं, नेमकी कशाची? बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रात्री ओरडल्या तर काय करायचं?" मी सांगितलं, आमच्या कार्यकर्तीचा नंबर तुमच्याकडे असेल, आणि आक्का रात्री साडेनऊला झोपतात. सभेत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

सचिवांनी अट घातली: संस्थेचं हमीपत्र हवं. वकीलताईंशी फोनवर बोलून मी भाड्यापुरतं हमीपत्र द्यायला होकार दिला. 'वर्तनाची हमी' हे शब्द खोडायला लावले. भाडं देण्याची हमी आपण कुणासाठीही देतो. दुसऱ्या माणसाच्या वागण्याची हमी इमारतीत एकानेही दिलेली नाही, या चौघींसाठीच का मागायची?

२२ ऑगस्ट

करारनोंदणी. आजची नोंद सविस्तर लिहिते, पुढच्या घराला उपयोगी पडेल.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानल्या जातात. म्हणजे नोंदणीत मालकाचंही हित आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवरचं दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का, आपल्याला पाचशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात हजार रुपये.

एजंट लॅपटॉप आणि बोटाचं मशीन घेऊन फ्लॅटवरच आला. चौघींची आधार कार्डं आधीच करून घेतली होती. तिघींच्या कार्डावर पत्ता रुग्णालयाचा आहे. आजच्या करारामुळे तो बदलता येईल.

सह्यांच्या आधी मालककाकांच्या मुलाने विचारलं, "यांची सही कायद्याने चालते ना?" चौघी समोर बसल्या होत्या. प्रश्न रास्त होता, पण त्यांच्या चेहऱ्यांकडे बघवलं नाही. वकीलताईंनी शांतपणे उत्तर दिलं. मनोविकार आहे एवढ्यावरून कुणी विकल मनाचं ठरत नाही, त्यासाठी सक्षम न्यायालयाने तसं घोषित करावं लागतं. हे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमात आहे. आणि त्याच्या कितीतरी आधी, १८७२ च्या करार कायद्यात, बाराव्या कलमाखाली उदाहरण दिलंय: वेड्यांच्या इस्पितळात असलेला माणूससुद्धा ज्या काळात त्याचं मन ठिकाणावर असतं त्या काळात करार करू शकतो. "ह्या तर इस्पितळाच्या बाहेर आहेत," ताई म्हणाल्या.

मग मशीन अडलं. आक्कांच्या अंगठ्याचा ठसा उमटेना. वॉर्डात वर्षानुवर्षं भांडी घासली, बोटांच्या रेषा झिजून गेल्यात. ओल्या फडक्याने पुसलं, खोबरेल लावून पुसलं, दुसरा अंगठा, तर्जनी. सातव्या वेळी डाव्या हाताच्या मधल्या बोटाने हिरवा दिवा लागला. पुढच्या वेळी मशीन दोन आणायची, आणि आदल्या दिवशी बोटं तपासून घ्यायची.

१ सप्टेंबर, रविवार

फ्लॅटचा ताबा. अकरा महिन्यांचा करार, ३१ जुलै २०२५ पर्यंत. पोलिसांना भाडेकरूंची माहिती कळवली. 'मूळ गाव' या रकान्यापाशी दोघी अडल्या. एकीला तालुका आठवतो, गाव नाही. आठवला तो तालुका लिहिला.

मालककाकांनी चार किल्ल्या करून आणल्या होत्या. पाचवी तुम्हाला हवी का, असं त्यांनी मला विचारलं. नको म्हटलं. चौघींनी आपापली किल्ली आपापल्या ठिकाणी ठेवली: एकीने पर्समध्ये, दोघींनी कमरेला, आक्कांनी गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात.

१९ सप्टेंबर

विसर्जन झालं, कामं पुन्हा सुरू. बंगला मिळालाय: तळमजला आणि वर एक मजला, दोन जिने, मागे अंगण. आता अग्निसुरक्षा.

परवानाधारक एजन्सीच्या अभियंत्याने मसुदा पाठवला आणि तो वाचून मी खुर्चीतून उठले. इमारतीचा वर्ग: सी-३.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ इमारतींचे वर्ग पाडते. अ गट राहण्याचा: अ-१ म्हणजे चाळीस खाटांपर्यंतची लॉजिंगची घरं, अ-२ कुटुंबांची घरं, अ-३ वसतिगृहं. सी गट संस्थांचा: सी-१ रुग्णालयं, सी-२ वृद्ध, मुलं, आजारातून उठणारी माणसं यांच्या देखभालीच्या जागा. आणि सी-३? ज्यांचं स्वातंत्र्य मर्यादित केलेलं असतं अशा माणसांच्या इमारती. तुरुंग, सुधारगृहं आणि मनोरुग्णालयं, तिन्ही एकाच ओळीत.

अभियंता वाईट माणूस नाही. 'मानसिक' हा शब्द त्याने यादीत शोधला, तो सी-३ मध्ये सापडला, त्याने भरला.

७ ऑक्टोबर

अभियंत्याला बंगल्यावर बोलावलं. मुख्य दाराची कडी आतून आहे, फाटकाला कुलूप नाही, खोल्यांच्या कड्याही आतून, हे त्याला हाताने उघडून दाखवलं. इथे कुणाचं स्वातंत्र्य मर्यादित होतंय, ते दाखवा म्हटलं.

तो म्हणाला, "मॅडम, सी-३ लिहिलं तर नियम कडक लागतात, तुमच्याच सुरक्षेचं आहे." मी म्हटलं, उपकरणं कितीही कडक सांगा, लावू. धुराचे इशारे, आपत्कालीन दिवे, दोन्ही जिने मोकळे, सगळं मान्य. पण नाव ते नको. आज कागदावर तुरुंगाचा वर्ग लागला तर उद्या तपासणीला येणारा माणूस विचारेल, गज का नाहीत, कुलपं कुठे आहेत?

६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका खाजगी घराला आग लागली आणि अठ्ठावीस माणसं गेली. ती साखळीने बांधलेली होती, पळता आलं नाही. आगीच्या दृष्टीने मनोरुग्णांच्या घरात सर्वांत धोक्याची वस्तू कुलूप असते. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने वही काढली आणि सी-२ चा मसुदा करायला घेतला. सी-२ मला मान्य आहे. आजारातून उठणारी माणसं, हे खरंच आहे.

१६ ऑक्टोबर

काल विधानसभेची आचारसंहिता लागली. एका कार्यालयात टेबलावरचा माणूस निवडणुकीच्या कामावर गेलाय, फाइल त्याच्या कपाटात. २० नोव्हेंबरला मतदान. तोवर रंगकाम आणि शौचालयातले आधाराचे दांडे.

आज फ्लॅटवर गेले होते. चौघींपैकी एकीचंही नाव मतदारयादीत नाही. पत्त्याचा पुरावा आता आहे, म्हणून अर्ज भरले. या निवडणुकीला उशीर झाला असेल तर पुढच्या.

२८ नोव्हेंबर

बंगल्याचा नोंदणी अर्ज प्राधिकरणाकडे दिला, पावती घेतली. आधी तात्पुरती नोंदणी असते: अर्ज मिळाल्यापासून दहा दिवसांत द्यायची, त्यासाठी आधी चौकशी करण्याची गरज नाही, मुदत बारा महिने. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ५० खाली वेगळी नोंदणी लागेल का, हाही प्रश्न होता. मनोरुग्णांच्या संस्थेकडे तिच्या कायद्याखालचा वैध परवाना असेल तर लागत नाही, असं त्याच कलमाच्या परंतुकात आहे. एक फेरी वाचली.

स्वयंपाकघरासाठी अन्नसुरक्षेची साधी नोंदणी, वर्षाला शंभर रुपये.

९ डिसेंबर

तात्पुरत्या नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आलं. खूप बरं वाटलं, पण लगेच पुढचा पेच. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ७२ प्रमाणे पुनर्विलोकन मंडळाचा (आस्थापनेतल्या माणसांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाचा) पत्ता, फोन ठळक जागी लावायचा, तक्रारीचे अर्ज ठेवायचे आणि मंडळाला फोन करायची मोकळीक द्यायची. हे कलम मला फार आवडतं. पण दिवाणखान्यात सूचनाफलक लागला की घराचं कार्यालय होतं. शेवटी फोन ठेवलेल्या कोनाड्यात लाकडी चौकटीत तो कागद लावला. जिथून फोन करायचा, तिथेच नंबर. अर्ज खालच्या खणात, खणाला कुलूप नाही.

कलम २० सुद्धा पुन्हा वाचून सगळ्या कर्मचारी बायकांना समजावलं: स्वतःचे कपडे, केस सक्तीने कापायचे नाहीत, कामाची सक्ती नाही आणि केलेल्या कामाचा मोबदला. यातल्या शेवटच्यावर वाद झाला. "घरात पोळ्या लाटल्या तर त्याचे पैसे कसले?" स्वयंपाकीणबाईंचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पण दहाजणींच्या पोळ्या रोज एकच बाई लाटत असेल तर ते काम आहे. वॉर्डात भांडी घासून आक्कांच्या बोटांच्या रेषा गेल्या, त्याचं काय मिळालं त्यांना? पोळ्यांसाठी महिन्याची रक्कम ठरवली, सही घेऊन द्यायची.

१६ डिसेंबर

दहाजणी बंगल्यात आल्या. यादीतलं शेवटचं नाव आज खोडलं.

२ जानेवारी २०२५

अग्निसुरक्षा उपकरणं चालू असल्याचा 'बी' फॉर्म वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. पहिला आज भरला. कॅलेंडरवर जुलैचं पान दुमडून ठेवलं.

२१ जानेवारी

वीज. बंगल्यात पूर्वी शिकवणी वर्ग चालायचे, मीटर व्यापारी दराचं. वकीलताईंच्या सांगण्यावरून दरपत्रक वाचलं. घरगुती दराच्या यादीत निराधार, अपंग आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तींची निवासस्थानं नावानिशी आहेत. मुख्य अभियंत्याच्या पातळीवर पडताळणी व्हावी लागते, तसा अर्ज केला. अर्ज लिहिताना डोळे भरून आले, ते का, हे इथे लिहायला हरकत नाही. एका सरकारी यादीत या बायकांचं नाव घरांच्या रांगेत आहे.

१२ फेब्रुवारी

फ्लॅटवर गेले. बँकेचं पासबुक नव्या पत्त्याचं आलंय, आक्कांनी ते कराराच्या प्रतीबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलंय. पहिल्या मजल्यावरच्या बाईंचा मुलगा शिवणाची मशीन बघायला आला होता.

आक्कांनी करार मला वाचून दाखवायला सांगितला, पूर्ण. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई, या ओळीवर थांबवलं. पुन्हा वाचायला लावलं. ३१ जुलैला किती दिवस उरले ते बोटांवर मोजायला लागल्या. मी म्हटलं, आक्का, मालककाकांशी मी नूतनीकरणाचं बोलते, काळजी करू नका.

"करार कुणाच्या नावावर आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या."

"मग मी बोलते. तुम्ही नुसत्या बाजूला बसा. भाडं वाढवणार असले तर मोरीचा नळ आधी नीट करून द्या म्हणणार आहे."

तारीख धरली: १५ जून, रविवार, संध्याकाळी पाच. तोवर आक्कांची बोटं दोन मशीनवर तपासून घेणे.